विहिरीतला वायू आणि मुंबईतला मास्तर

बुलढाणा शहराजवळ, पैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात देऊळघाट हे गाव आहे. या सगळ्या पट्ट्यात जमिनीखाली काळा पाषाण. शेती त्यात खोदलेल्या विहिरींवर चालते. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेले की गाळ काढायचे, खडक फोडून खोली वाढवायचे काम निघते. अशा वेळी काठावर एखादा जाणता माणूस असला, तर तो कोणाला लगेच खाली उतरू देत नाही. ‘थांबा, विहिरीत गॅस झाला असेल,’ म्हणतो आणि दोराला कंदील बांधून तो तळाशी सोडतो. कंदील विझला तर त्या दिवशी काम बंद.

त्याला विचारले की गॅस खालीच का राहतो, तर उत्तर ठरलेले असते: ‘जड असतो, म्हणून खाली बसतो.’ शाळेतल्या मास्तरांना विचारले तरी बहुधा हेच उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण अर्धे आहे. आणि उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे माणसे मरतात. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून कुठून तरी बातमी येते की विहिरीत उतरलेला एक जण बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, दुसऱ्यासाठी तिसरा. पुष्कळदा ते एकाच घरातले असतात.

हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराविषयी आहे. वायूच्या रेणूचे वजन आणि त्याचा वेग यांचे नाते काय, आणि तो वेग कुठे कामी येतो, कुठे येत नाही, असा हा प्रश्न. त्याच्या उत्तराचा पहिला भाग ज्याने प्रथम नीट लिहून काढला, तो माणूस तेव्हा मुंबईत शिकवत होता. ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी सांगितली गेलेली नाही.

मुंबईहून गेलेला निबंध

जॉन जेम्स वॉटर्स्टन याचा जन्म 1811मध्ये एडिंबरोत झाला. वडिलांचा लाखेचा आणि लेखनसाहित्याचा धंदा होता. शिक्षणाने तो स्थापत्य अभियंता. काही काळ त्याने रेल्वेच्या मोजणीचे काम केले, मग नौदलाच्या जलमापन खात्यात गेला. तिथले प्रमुख फ्रान्सिस ब्यूफर्ट यांच्या पाठिंब्यामुळे 1839मध्ये त्याला ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी मिळाली. मुंबईत कंपनीच्या नौदलातल्या उमेदवारांना शिकवण्याची ही नोकरी. पोरांना नौकानयनाचे गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आपले वाचन करायचे. ग्रँट कॉलेजचे ग्रंथालय त्याच्या उपयोगी पडले.

ती मुंबई कशी होती? बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघून बंद पडले होते आणि 1840मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले होते. भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान मराठीत सांगायचे, असा त्याचा हेतू. बाळशास्त्री वॉटर्स्टनपेक्षा वर्षभराने लहान. आगगाडी सुरू व्हायला अजून अवकाश होता. ज्या शहरात मराठीला विज्ञानाची पहिली अक्षरे गिरवायला मिळत होती, त्याच शहरात हा स्कॉटिश मास्तर वायूचे कोडे सोडवत बसला होता.

कोडे असे: वायूला दाब कुठून येतो? सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ट्यूब टणक होते. आतून कोण ढकलते? तेव्हाच्या बहुतेक विद्वानांच्या मते वायूचे कण आपापल्या जागी असत आणि एकमेकांना दूर लोटत. उष्णता हा एक प्रकारचा अदृश्य द्रव आहे, असेही अनेक जण मानत. वॉटर्स्टनने दुसरी वाट धरली. वायूचे रेणू मोकळे आहेत, सतत धावत आहेत, एकमेकांवर आणि भांड्याच्या भिंतीवर आदळत आहेत. भिंतीवरच्या या असंख्य धडका म्हणजेच दाब, आणि त्यांची धावपळ म्हणजेच उष्णता, असे त्याने गृहीत धरले. कल्पना अगदी नवी नव्हती. डॅनियल बर्नुली याने 1738मध्ये ती मांडली होती. वॉटर्स्टनने तिचे गणित पुढे नेले.

हे गणित कागद-पेन्सिल न घेताही समजते. एका धडकेचा जोर रेणूच्या वजनावर आणि वेगावर अवलंबून. सेकंदाला धडका किती बसणार, तेही वेगावर अवलंबून. जो जोरात पळतो तो भिंतीपाशी वारंवार येतो. म्हणजे दाबाच्या हिशेबात वजन एकदा येते आणि वेग दोनदा. दाब हा रेणूंची संख्या, रेणूचे वजन आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो.

आता दोन वायू एकाच भांड्यात, एकाच तापमानाला ठेवले, एकाचे रेणू हलके आणि दुसऱ्याचे जड, तर काय होईल? ते एकमेकांवर आदळत राहतील. आदळताना कधी हा त्याला ऊर्जा देईल, कधी तो याला. वॉटर्स्टनने दाखवले की अखेर देवाणघेवाण बरोबरीत येते आणि वजन गुणिले वेगाचा वर्ग ही रक्कम सरासरीने दोघांची सारखी होते. जड रेणूला हलक्यापेक्षा जास्त वाटा मिळत नाही आणि कमीही मिळत नाही. त्यावरून आणखी एक गोष्ट आपोआप निघते. दाब आणि तापमान सारखे असेल, तर समान जागेत समान संख्येने रेणू मावतात. हे अनुमान अवोगाद्रोने 1811मध्ये, म्हणजे वॉटर्स्टनच्या जन्मवर्षीच, मांडले होते आणि बहुतेकांनी ते दुर्लक्षित ठेवले होते.

हा निबंध डिसेंबर 1845मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोहोचला. त्याचे पुढे काय झाले, ते शेवटी पाहू. आधी त्या नियमातून काय हाती येते ते पाहू.

वजन आणि वेग

ऊर्जेचा वाटा सारखा असेल, तर हलक्याला जास्त पळावे लागणार, हे उघड आहे. पण किती जास्त? वेगाचा वर्ग वजनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे वेग वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. वजन चौपट तर वेग निम्मा. वजन सोळापट तर वेग पाव.

इथे वजन मोजायचे कसे, तेही सांगायला हवे. एकेक रेणू तराजूत घालता येत नाही. म्हणून रसायनशास्त्रात एका ठरावीक संख्येच्या गठ्ठ्याचे वजन घेतात. त्या गठ्ठ्याला मोल म्हणतात, आणि त्या वजनाला मोलर वस्तुमान. हायड्रोजनचा एक मोल 2 ग्रॅम भरतो, ऑक्सिजनचा 32 ग्रॅम. दोन्हींत रेणूंची संख्या तीच. म्हणून ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा सोळापट जड, आणि त्याचा वेग हायड्रोजनच्या पाव.

प्रत्यक्ष आकडे पाहिले की गंमत कळते. तापमान 27 अंश सेल्सिअस धरू, म्हणजे देऊळघाटची दिवाळीतली साधारण दुपार. पुढे दिलेला वेग हा वर्गांची सरासरी काढून त्याचे वर्गमूळ घेतलेला आहे.

हायड्रोजन (2 ग्रॅम): सेकंदाला सुमारे 1,927 मीटर
हेलियम (4): 1,367
मिथेन (16): 683
पाण्याची वाफ (18): 644
नायट्रोजन (28): 517
कार्बन मोनॉक्साइड (28): 517
ऑक्सिजन (32): 484
हायड्रोजन सल्फाइड (34): 469
कार्बन डायऑक्साइड (44): 412
फटाक्याच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड (64): 342

आपण ज्या हवेत शांत बसून हा अंक वाचत आहोत, तिच्यातला ऑक्सिजन ताशी सुमारे 1,740 किलोमीटर वेगाने धावतो आहे. आणि यादीतला सगळ्यांत मंद रेणूसुद्धा आवाजाच्या वेगाला जवळपास गाठतो. हे योगायोगाने नाही. आवाज एका रेणूकडून दुसऱ्या रेणूकडे धक्क्यानेच पोहोचतो; त्यामुळे त्याचा वेग रेणूंच्या वेगाच्या आसपास, थोडा कमी राहणार. फुग्यातला हेलियम ओढून बोलणाऱ्याचा आवाज चिरका होतो, त्याचे मूळही हेच: हलक्या वायूत आवाज जलद पळतो.

आणखी एक खुलासा. सगळे रेणू याच वेगाने पळतात असे नाही. काही फार मंद, काही फार जलद, बहुतेक मधले. ही वाटणी नेमकी कशी असते, ते जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने 1860मध्ये प्रसिद्ध केले. शेपटाकडच्या त्या थोड्या अतिजलद रेणूंची गरज आपल्याला पुढे लागणार आहे.

प्रयोगातून हीच गोष्ट आधीच दिसली होती. थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञाने 1833मध्ये सच्छिद्र पडद्यातून वायू किती वेगाने पाझरतात ते मोजून प्रसिद्ध केले. पाझरण्याचा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात निघाला. फुगेवाल्याकडून घेतलेला हलक्या वायूचा रबरी फुगा दुसऱ्या दिवशी मलूल होऊन खाली येतो आणि तोंडाने फुगवलेला तसाच टिकतो, हा अनुभव घरोघरी आहे. रबरातून वायू कसा जातो याचा हिशेब थोडा वेगळा असला, तरी चपळ आणि लहान रेणू आधी निसटतो हे तिथेही दिसते.

मग वास यायला वेळ का लागतो?

इथे एक रास्त शंका येते. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात उटण्याची पुडी फोडली, तर माजघरात तिचा वास लगेच येत नाही. अत्तरातल्या वासाच्या रेणूचा मोलर भार साधारण 150 धरला, तर नियमाप्रमाणे त्याचा वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास निघतो. पाच मीटरची खोली ओलांडायला त्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागायला नको. प्रत्यक्षात मात्र मिनिटे जातात.

हीच शंका 1858मध्ये बाईस-बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने काढली. रुडॉल्फ क्लॉसियस याने आदल्याच वर्षी धावत्या रेणूंचा सिद्धान्त मांडला होता, त्यावरचा हा आक्षेप. क्लॉसियसने उत्तर दिले की रेणू वेगाने धावतो खरा, पण त्याला सरळ धावू देतो कोण? हवेत दाटी आहे. एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंत रेणूला मोकळे अंतर मिळते ते मिलिमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाइतके. एका सेकंदात त्याला सुमारे 700 कोटी धडका बसतात. प्रत्येक धडकेला दिशा बदलते. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात हरवलेला माणूस कितीही चपळ असला, तरी गर्दीतून तो दुसऱ्या टोकाला कधी पोहोचेल?

या भरकटण्याचा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. अंतर दहापट झाले की वेळ दहापट नव्हे, शंभरपट होतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू अगदी स्थिर हवेत सरासरी 1 सेंटिमीटर सरकायला सुमारे 3 सेकंद घेतो. 10 सेंटिमीटरला 5 मिनिटे. 1 मीटरला सुमारे नऊ तास. आणि 10 मीटरला सुमारे 36 दिवस.

सेकंदाला 412 मीटर धावणाऱ्याला दहा मीटर चढायला महिन्याहून अधिक काळ! उटण्याचा वास काही मिनिटांत तरी येतो, तो रेणूंच्या पायांवर येत नाही. दारातून येणारी झुळूक, बंबाच्या उबेने वर चढणारी हवा, माणसांची ये-जा त्याला उचलून आणतात. वाऱ्याशिवाय वायू जवळजवळ पांगळा आहे.

पुन्हा विहिरीच्या काठावर

आता ‘जड म्हणून खाली बसतो’ हे उत्तर तपासू. जड असणे एवढेच कारण असते, तर सगळीकडेच ऑक्सिजन खाली आणि नायट्रोजन वर असे थर लागले असते. तसे होत नाही. जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटरपर्यंत हवेतले त्यांचे प्रमाण जवळपास सारखेच आहे. एकदा मिसळलेली हवा नुसत्या वजनाने वेगळी होत नाही. दहा मीटर खोल विहिरीत रेणूंच्या धावपळीला मनसोक्त वेळ मिळाला, तर तळाशी आणि काठाशी कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात फरक उरेल तो हजारात दोन भागांइतका. तेवढ्याने कोणी गुदमरत नाही.

मग तळाशी वायू साठतो कसा? कारण तो तिथेच तयार होतो. पडलेला पालापाचोळा, गाळ, मेलेले जीव कुजतात. ते कुजताना ऑक्सिजन खर्ची पडतो आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. आजूबाजूच्या मातीतला वायूही फटींतून विहिरीत झिरपतो. हा वायू तळाशी तयार होतो आणि वर जाण्याची त्याची स्वतःची चाल दहा मीटरला महिना अशी आहे. येणे चालू, जाणे खुंटलेले.

वजनाचे काम इथून सुरू होते. हवेत दहा टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला, तर ती हवा वरच्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्के जड होते. घागरीत पाणी राहावे तशी ती तळाशी राहते आणि वरून आलेली झुळूक तिला ढवळू शकत नाही. वजन वायूला बुडवत नाही. ते त्याला ढवळू देत नाही. हा फरक वरवर बारीक वाटतो, पण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

वैशाखात दुसरे एक कारण जोडीला येते. काठावरची हवा चाळीस अंशांवर तापलेली आणि विहिरीतली हवा थंड. थंड हवा स्वभावतः जड. बाहेरची हवा पंधरा अंशांनी जास्त तापली, तर तेवढ्यानेच पुन्हा सुमारे पाच टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी विहिरीला जणू झाकण बसते. उलट हिवाळ्याच्या पहाटे बाहेर गारठा असतो आणि विहिरीत ऊब. मग आतली हवा वर चढते, बाहेरची खाली उतरते, विहिरीच्या तोंडातून वाफ निघताना दिसते. विहीर श्वास घेत असते. दिवाळीनंतरच्या थंडीत विहीर आपोआप स्वच्छ होते. आपण मात्र नेमके तेव्हा उतरतो, जेव्हा तिचा श्वास कोंडलेला असतो.

आता उरलेले अर्धे उत्तर. विहिरीत मारक ठरणारे सगळे वायू जड नसतात. डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून पंप चालवला, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याचा मोलर भार 28. हवेचा सरासरी भार 29. वजन जवळपास तेच, वेग जवळपास तोच, रंग नाही, वास नाही. तो ‘खाली बसत’ नाही आणि वरही उडून जात नाही. न ढवळलेल्या हवेत जिथे सुटला तिथेच घुटमळतो. गाळ कुजून निघणारा मिथेन हवेपेक्षा बराच हलका, तरी बंदिस्त जागेत तोही अडकतो आणि कंदिलाच्या ज्योतीने भडकू शकतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडासाच जड. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून उतरणाऱ्याचा घात होतो.

म्हणून कंदिलाचा इशारा एकाच बाजूने खरा आहे. कंदील विझला तर उतरू नये, हे शंभर टक्के बरोबर. ज्योत साधारण सोळा-सतरा टक्के ऑक्सिजनला विझते. माणूस दहा टक्क्यांच्या खाली झटकन बेशुद्ध पडतो. पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर निर्धोक, असे नाही. कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड माणसाला मारण्याइतका असला तरी ज्योत तेवत राहते, आणि मिथेन असेल तर कंदीलच संकट बनतो. आज हे वायू मोजणारी हातात मावणारी यंत्रे मिळतात.

काही ठिकाणी उतरण्यापूर्वी झाडाच्या डहाळ्या दोराला बांधून विहिरीत खालीवर करतात. कोणी बादल्यांनी पाणी ओततात. हे अडाणीपणाचे नाही. त्यामागचे तर्कशास्त्र क्लॉसियसच्या उत्तराशी जुळते. रेणू आपल्या पायांनी वर येणार नाही, त्याला ढवळावे लागेल. मात्र डहाळ्यांनी होते ते थोडे. खरा उपाय म्हणजे नळी थेट तळापर्यंत सोडून पंख्याने ताजी हवा खाली ढकलणे आणि माणूस खाली असेपर्यंत ती चालू ठेवणे, कारण वायू तळातून येतच राहतो. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, काठावर ओढायला माणसे, इंजिन वर. आणि खालचा माणूस कोसळला, तर दोराने ओढावे. श्वसनयंत्राशिवाय दुसऱ्याने उतरू नये. भाऊ डोळ्यांसमोर पडलेला असताना हे सांगणे फार कठीण आहे. पण दुसरा माणूस उतरतो तेव्हा हवा बदललेली नसते. एवढ्या मिनिटांत रेणू वीतभरही सरकलेले नसतात.

जिथे गर्दी नसते

दाट हवेत वेग असा वाया जातो. मग वजनाचा आणि वेगाचा निकाल थेट लागतो तरी कुठे? जिथे धडका संपतात तिथे. त्यासाठी वर पाहावे लागते, आणि त्याचा एक साक्षीदार याच बुलढाणा जिल्ह्यात आहे.

लोणारचे विवर उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडले. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. चंद्रावरचा बराच खडकही याच जातीचा, बेसाल्ट. म्हणून चंद्रावरच्या विवरांशी तुलना करायला शास्त्रज्ञ लोणारला येतात. घाव सारखा, खडक सारखा. पण लोणारच्या विवरात झाडी आहे, मोर आहेत, खारे पाणी आहे. चंद्रावरच्या विवरांत वाराही नाही. फरक पडला तो हवेमुळे, आणि हवा टिकते की नाही हे रेणूच्या वेगावर ठरते.

पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो. चंद्रावर 2.4 पुरतो. रेणूंचा नेहमीचा वेग सुटकेच्या वेगाच्या साधारण सहाव्या हिश्शाहून कमी असेल, तर तो वायू अब्जावधी वर्षे टिकतो, असा ढोबळ नियम आहे. सरासरी रेणू सुटत नाही, पण शेपटाकडचे अतिजलद रेणू सुटत राहतात. सहावा हिस्सा ओलांडला की ही गळती वायू संपवून टाकते. पृथ्वीवर नायट्रोजनचा वेग अर्धा किलोमीटर. मर्यादेच्या पुष्कळ आत. चंद्रावर दुपारी सुमारे 120 अंश तापमानाला तोच नायट्रोजन सेकंदाला 0.59 किलोमीटरने धावतो, आणि तिथली मर्यादा 0.4. म्हणून चंद्राला हवा धरून ठेवता आली नाही.

पृथ्वीनेही सगळे राखले असे नाही. जमिनीपासून सुमारे 500 किलोमीटरवर हवा इतकी विरळ आहे की वर निघालेल्या रेणूला अडवायला कोणी नसते. तापमान हजार अंशांच्या घरात. तिथे हायड्रोजनच्या अणूचा वेग 5 किलोमीटर, ऑक्सिजनच्या अणूचा सव्वा. ऑक्सिजन परत खाली येतो. हायड्रोजन दर सेकंदाला सुमारे 3 किलो या प्रमाणात अवकाशात निघून जातो. हेलियमही टिकत नाही. खडकांतल्या किरणोत्सारातून तो सतत तयार होतो, तरी हवेच्या दहा लाख भागांत तो फक्त पाच भाग आहे. म्हणून तर त्याची खूण आधी सूर्याच्या प्रकाशात सापडली. 1868च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने आंध्रातल्या गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचे वेध घेतले. त्याच वर्षी लॉकियरने इंग्लंडमध्ये तसेच वेध घेतले आणि नव्या मूलद्रव्याचा अंदाज बांधला. कोकणातल्या विजयदुर्गावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हेलियमचा शोध तिथेच लागला असे सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आला तो मात्र 1898च्या ग्रहणासाठी. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला 1895 उजाडले.

म्हणजे नियम एकच. वजन वेग ठरवते. पण त्या वेगाने रेणू कुठे पोहोचेल, हे भोवतालची गर्दी ठरवते. पाचशे किलोमीटर उंचीवर हलकेपणा म्हणजे सुटका. दहा मीटर खोल विहिरीत हलका आणि जड दोघेही सारखेच अडकलेले.

कपाटातली सेहेचाळीस वर्षे

वॉटर्स्टनच्या निबंधाचे काय झाले? रॉयल सोसायटीने तो दोन परीक्षकांकडे पाठवला. त्यातले सर जॉन लबक हे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी निबंध मूर्खपणाचा ठरवला आणि सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा दिला. मार्च 1846मध्ये तो सभेत मांडला गेला, पण छापला गेला नाही. संस्थेच्या नियमानुसार हस्तलिखित परत मिळत नसे. ते दप्तरात जमा झाले. मुंबईत वॉटर्स्टनकडे प्रत नव्हती. 1851मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्याचा एक छोटा सारांश पुढे आला. कोणी फारसे लक्ष दिले नाही. 1857मध्ये नोकरी सोडून तो स्कॉटलंडला परतला. त्याच वर्षी क्लॉसियसने आणि तीन वर्षांनी मॅक्सवेलने तीच वाट स्वतंत्रपणे चोखाळली, आणि शास्त्र त्यांच्या नावाने पुढे गेले.

18 जून 1883 रोजी वॉटर्स्टन एडिंबरोतल्या घरातून फिरायला बाहेर पडला तो परतलाच नाही. लीथच्या बाजूला पाण्यात पडून तो बुडाला असावा, असे मानतात.

1891मध्ये लॉर्ड रॅले यांनी ध्वनीवरचा त्याचा 1858चा एक लेख वाचला. त्यात त्या जुन्या निबंधाचा उल्लेख होता. रॅले तेव्हा सोसायटीचे चिटणीस होते. त्यांनी दप्तर शोधायला लावले. निबंध सापडला आणि 1892मध्ये रॅले यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला. त्यात चुकाही होत्या. वायूच्या उष्णतेच्या हिशेबातला एक आकडा साफ चुकला होता. पण गाभा खरा होता. प्रस्तावनेत रॅले यांनी नवख्या लेखकांना सल्ला दिला की आधी लहान विषयांवर लिहून नाव मिळवावे, मग मोठी झेप घ्यावी. सल्ला व्यवहाराचा आहे. मुंबईतला मास्तर मात्र तो ऐकायला उरला नव्हता.

सेहेचाळीस वर्षे निबंध कपाटाच्या तळाशी पडून होता. त्यात खोट होती म्हणून नाही, कोणी हलवला नाही म्हणून. विहिरीच्या तळच्या वायूचेही तसेच आहे. तो आपण होऊन वर येईल, याची वाट पाहू नये. पुढच्या वैशाखात कंदील खाली सोडणाऱ्या हाताने नळी आणि पंखाही सोडावा.